२ टीबीची डिस्क, दिसतात १.८१: दुकानदाराशी भांडायच्या आधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुळे सोलापुरात फोटो स्टुडिओ आहे, लग्नाचे शूट ठेवायला २ टीबीची एक्स्टर्नल डिस्क घेतली, लॅपटॉपवर १.८१ टीबीच दिसतात, दुकानदार म्हणतो "फॉर्मॅटमध्ये जातं", आणि तुम्हाला वाटतंय की जवळजवळ २०० जीबीला टोपी घातली.

टोपी घातलेली नाही. पण दुकानदाराचं उत्तरही चुकीचंच आहे. नवी पेठेच्या बाजूला १९ वर्षं रिपेअरिंग करतोय, सुरुवातीची दोन-तीन वर्षं मीही गिऱ्हाइकाला हेच "फॉर्मॅटमध्ये जातं" ऐकवायचो. एका गिऱ्हाइकाने हट्ट धरला म्हणून ८० जीबीची डिस्क तीनदा फॉर्मॅट केली होती. तिन्ही वेळा ७४.५! फॉर्मॅटमध्ये जात असतं तर कुठेतरी कमी-जास्त झालं असतं की ओ.

खरा मामला मापाचा आहे. चाटी गल्लीत कापड घेताना गज म्हणतात की मीटर, हे आपण आधी विचारतो ना? १०० गज कापड मीटरने मोजलं तर ९१ मीटर आणि थोडं वर भरतं. कापड कुणी कापलेलं नसतं. डिस्कचंही तेच, आणि गंमत म्हणजे टीबीच्या बाबतीत फरकही जवळपास तेवढाच पडतो.

कंपनी मोजते दहाच्या हिशेबाने. १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट, १ टीबी म्हणजे १ लाख कोटी बाइट. विंडोज मोजते १०२४ च्या हिशेबाने. १०२४ बाइटचा केबी, १०२४ केबीचा एमबी, १०२४ एमबीचा जीबी, म्हणजे विंडोजचा १ जीबी १०७ कोटी ३७ लाख बाइटांचा. दर पायरीवर फरक वाढत जातो. केबीला सव्वादोन टक्के, एमबीला साडेचार, जीबीला सात, टीबीला नऊ. फ्लॉपीच्या काळात कुणाला जाणवलं नाही, आता बोंब होते ती यामुळे.

१०२४ आलं कुठून? रॅमवरून. रॅममध्ये कुठली जागा उघडायची तिचा पत्ता सांगणाऱ्या तारा असतात, एक तार वाढली की जागा दुप्पट. दहा तारा म्हणजे १०२४ जागा. हजाराच्या जवळ म्हणून जुन्या लोकांनी त्यालाच 'किलो' म्हणून टाकलं. डिस्कला असं काही बंधन नाही, तिथे सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे सारख्या मापाचे छोटे कप्पे, मोजायचे नि गुणायचे.

आता स्वतः पडताळा. माय कॉम्प्युटरमध्ये (नव्या विंडोजवर त्यालाच 'धिस पीसी' म्हणतात) डिस्कवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. कपॅसिटीच्या ओळीत दोन आकडे दिसतील: एक लांबलचक १३ आकडी, बाइटमधला, आणि शेजारी १.८१ टीबी. तो १३ आकडी २०,००, ने सुरू होत असेल तर माल पूर्ण आहे. माझ्या टेबलावर आत्ता एक उघडी २ टीबीची डिस्क पडलीय, तिच्या स्टिकरवर एलबीए ३,९०,७०,२९,१६८ असं छापलंय. ही सेक्टरांची संख्या. एक सेक्टर ५१२ बाइटचा धरून गुणलं की येतात २०,००,३९,८९,३४,०१६ बाइट. म्हणजे २ लाख कोटी पूर्ण आणि वर ४० कोटी बाइट जास्तच. त्यालाच १,०७,३७,४१,८२४ ने भागा, १८६३ जीबी येतात. ते १०२४ ने भागले की तुमचे १.८१.

दोष द्यायचाच असेल तर मी विंडोजला देईन. १०२४ च्या मापाला वेगळी नावं १९९८ मध्येच ठरली आहेत, किबीबाइट, मेबीबाइट, गिबीबाइट. (नावं ऐकून हसू येतं, मान्य.) विंडोज मोजते गिबीबाइट आणि पुढे लिहिते जीबी. ॲपलने २००९ च्या स्नो लेपर्डपासून मॅकवर दहाचा हिशेब धरला. तुमचीच डिस्क मॅकला लावा, सरळ २ टीबी दिसतील. अमेरिकेत लोक यावरून कोर्टात गेले होते. २००६ मध्ये वेस्टर्न डिजिटलने तडजोड केली, आणि ग्राहकाच्या हाती आलं काय, तर फुकट बॅकअप सॉफ्टवेअर. खोक्यावर बारीक अक्षरात १ जीबी म्हणजे किती बाइट ते छापलेलं असतं, भिंग घेऊन बघा.

फॉर्मॅटमध्ये अगदीच काही जात नाही असं नाही, पण एवढ्या डिस्कवर ते चिल्लर. लिनक्सवाल्यांचं वेगळं. ईएक्सटी-४ फॉर्मॅट केलं की ५ टक्के जागा रूटसाठी, म्हणजे सिस्टिमच्या मुख्य खात्यासाठी, राखून ठेवली जाते, २ टीबीवर ते १०० जीबी होतात. डिस्कवर नुसता डेटाच ठेवायचा असेल तर ती राखीव जागा कमी करता येते.

भांडायचं कधी, तर हिशेबाच्या बाहेर फरक गेला तर. ४ टीबीची डिस्क ३.६३ दाखवायला हवी. ती २ टीबीवरच अडली तर पार्टिशन, म्हणजे डिस्कवर जागेची केलेली वाटणी, जुन्या एमबीआर पद्धतीचं आहे, नव्या जीपीटी पद्धतीचं केलं की उरलेली जागा मिळते (आत काही असेल तर आधी दुसरीकडे काढून घ्या). आणि उलटं प्रकरण जास्त वाईट: जागा कमी न दिसता बरोबर दिसते आणि आत काहीच नसतं. माझ्या भाचीने ऑनलाइन ३०० रुपयांत "१ टीबी" पेनड्राइव्ह मागवला. विंडोजने ९३१ जीबी दाखवले, अगदी हिशेबात. तिने कॉलेजचे सगळे फोटो भरले. उघडायला गेली तर पहिले काही नीट, मग एक फोटो कपाळापर्यंत बरा आणि खाली सगळा राखाडी, त्यानंतरचे उघडेचनात. आत खरी चिप होती ३२ जीबीची, फक्त खोटा आकडा सांगायला शिकवलेली. भरल्यावर पुढचं सगळं हवेत. म्हणून स्वस्तातलं कार्ड किंवा पेनड्राइव्ह घेतलं की आधी 'एचटूटेस्टडब्ल्यू' नावाचं फुकट सॉफ्टवेअर चालवा. ते पूर्ण जागा भरून परत वाचून बघतं. वेळ खातं, रात्री लावून झोपा.

तुमचा दुसरा प्रश्न होता, या सीझनला ही डिस्क पुरेल का. तुमच्या कॅमेऱ्यातलं १२८ जीबीचं कार्ड लॅपटॉपला लावून बघा, ११९ च्या आसपास दिसेल. तेही त्याच मापाने मोजलेलं. खोक्यांवरचे आकडे घ्या, २००० भागिले १२८. विंडोजचे घ्या, १८६३ भागिले ११९. दोन्हीकडे साडेपंधराच येतात. म्हणजे १५ कार्डं पूर्ण भरून आणि वर अर्ध्या कार्डाची जागा. एका लग्नाला तुमची दोन कार्डं जातात म्हणालात, तर ७ लग्नं. आठव्याला दुसरी डिस्क घ्या, आणि तशीही घ्याच, कारण कुणाच्या लग्नाचे फोटो एकाच डिस्कवर ठेवून तुम्हाला झोप कशी येते हे मला कळत नाही.