दारूच्या नाटकानं दारू सुटते का?

तुम्ही विचारलंय, नाटकातल्या किंवा कीर्तनातल्या दृष्टांताच्या संदेशानं माणूस खरंच बदलतो का. ह्यावर आमच्या घरात तीस वर्षं भांडण चालू आहे, म्हणून लिहायला बसलो.

१९९४ च्या गणपतीत गावात आम्ही 'एकच प्याला' बसवलं, दारूनं घर बुडतं ते दाखवणारं गडकऱ्यांचं नाटक. मी तळीराम, म्हणजे त्यातला अट्टल दारुडा. दिग्दर्शन थोरल्या चुलतभावाचं, म्हणजे दादाचं. सिंधूच्या, म्हणजे दारूत बुडालेल्या सुधाकरच्या बायकोच्या, कामाला बाई बाहेरून आणली होती. दळणाच्या प्रवेशाला जातं हवं होतं, ते मी मामीचं उचलून आणलं. आमचा मामा रोजचा पिणारा, आणि गाव एकच असल्यानं हे सगळ्यांना ठाऊक.

आर्य मदिरा मंडळाच्या, म्हणजे नाटकातल्या पिणाऱ्यांच्या मंडळाच्या, प्रवेशाला मांडव डोक्यावर घेतला लोकांनी. आमच्या बाटलीत कोरा चहा होता, पण समोर बसलेल्या निम्म्यांनी खरी लावलेली. सगळ्यात मोठ्यानं मामा हसत होता. अंक पडल्यावर आत येऊन त्यानं मला पन्नास रुपये बक्षीस दिलं. गडकऱ्यांचं नाटक १९१९ साली रंगभूमीवर आलं, तेव्हापासून तळीराम भाव खाऊन जातोय. त्यामुळे नाटक बघून दारू सुटते म्हणणाऱ्यानं एकदा तळीराम करून बघावा.

पुढे दळणाचा प्रवेश. त्या बाईनं जन्मात दळलेलं नव्हतं. दाणा न घालताच खुंटा धरून फिरवत सुटली. दगडावर दगड, नुसती खरखर. बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मामी तेवढी हसली नाही, उठून घरी गेली.

शेवटी सुधाकर मेला, पडदा पडला आणि दादा माइक घेऊन पुढे आला. 'तर बंधूंनो, ह्यातून आपण काय बोध घ्यायचा...' लोक पोती-सतरंज्या गोळा करत होते. मामा मांडवामागे बिडी ओढत होता, मी स्वतः पाहिलंय.

सकाळी जातं परत द्यायला गेलो तर मामीनं मलाच फैलावर घेतलं. 'रिकामं जातं ओढलंत, टाकी पार गेली त्याची. आता टाकी कोण लावून देणार, तुझा मामा?' मामा ओट्यावरच होता, दात घासत. काही बोलला नाही. टाकी म्हणजे जात्याच्या दगडाला छिन्नीनं पाडलेला खरखरीतपणा, तो गेला की दळण होत नाही. पुढच्याच बाजाराच्या दिवशी मामा टाकीवाल्याला घेऊन आला आणि पैसे स्वतःच्या खिशातून दिले. त्या खिशातून घरात पैसा आलेला मी तरी तोवर पाहिला नव्हता. त्यानंतर मामीच्या दुधाच्या पैशाला त्यानं हात लावला नाही. पीत राहिला, मरेपर्यंत, पण स्वतःच्या मजुरीवर.

दादा म्हणतो हे त्याच्या भाषणामुळे झालं. काय बोलणार!

कीर्तनाचं तेच. पूर्वरंगात, म्हणजे आधीच्या निरूपणात, लोक पेंगतात, पुढे आख्यानाची गोष्ट लागली की जागे होतात. काशीहून आणलेलं गंगेचं पाणी एकनाथांनी तहानलेल्या गाढवाला पाजलं, एवढं सांगून बुवांनी थांबावं. त्यावर अर्धा तास 'भूतदया म्हणजे काय' सुरू झालं की ते गाढवही उठून जाईल.

आणि ज्यांना 'शारदा' नाटकानं कायदा झाला असं वाटतं त्यांच्यासाठी: देवलांचं नाटक १८९९ चं, बालविवाहाचा कायदा १९२९ चा, आणि त्याला 'सारडा कायदा' नाव पडलं ते शारदेवरून नाही, तो मांडणाऱ्या हरबिलास सारडांवरून. मात्र नाटकानं काहीच केलं नाही असं मी म्हणत नाही. 'शारदा'त दाखवलेल्या जरठ-कुमारी विवाहाला, म्हणजे म्हाताऱ्यानं कोवळ्या पोरीशी लग्न करण्याला, लोक उघड हसायला लागले, हेही थोडं नाही.

एक सांगायचं राहिलं. गणपती उठले त्याच आठवड्यात मामीचे दोघे भाऊ येऊन गेले होते आणि मामाशी गोठ्यात बराच वेळ बोलत होते. काय बोलले ते मामीनं कधी सांगितलं नाही. दादाला हे माहीत नाही, आणि मीही त्याला सांगणार नाही.