पालखी येऊन जाईपर्यंत त्याला फोन करू नका

पत्र असं आहे (थोडं काटछाट करून):

"ताई, मी ७७ वर्षांचा, बँकेतून निवृत्त. पत्नी गेल्यावर डोंबिवलीचा फ्लॅट बंद केला आणि दापोलीजवळच्या ज्येष्ठांच्या वसाहतीत राहायला आलो. इथे केअरटेकर म्हणून काम करणाऱ्या एका २५ वर्षांच्या मुलाशी माझी मैत्री जमली. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तो डोळ्यांत थेंब घालायला यायचा, तिथून गप्पा सुरू झाल्या. मी त्याला तलाठी भरतीचं अंकगणित शिकवतो, तो मला मासे ओळखायला शिकवतो. फार जीव लावणारा पोरगा आहे. गेल्या गणपतीत पाच दिवस गावी गेला होता, पण मी फोनवर 'करमत नाही रे' म्हटल्यावर दुसऱ्याच दिवशी परत आला. त्यांच्या जाखडीत मृदंग म्हणे दुसऱ्या कुणी वाजवला. आता मॅनेजरने 'स्टाफशी एवढी जवळीक नको' म्हणून त्याला पलीकडच्या इमारतीत टाकलंय. मी त्याला दिलेलं माझं घड्याळही मला परत आणून दिलं. पुण्याचा मुलगा म्हणतो, बाबा, तो पैशांसाठी गोड बोलतो. आमची मैत्री निर्मळ आहे हे या दोघांना कसं पटवून देऊ?"

काका, नमस्कार.

मैत्री निर्मळ आहे, मला पटलं. पण तुमच्या मूळ पत्रात मॅनेजरला दीड पान मिळालंय, मुलाला एक पान, आणि गणपतीला दोन ओळी. त्याही तुम्ही कौतुकानं लिहिल्यात. माझं लक्ष त्या दोन ओळींतून पुढे हलेना.

डोंबिवलीत उभं आयुष्य काढलेल्या माणसाला कोकणातला गणपती काय असतो हे मी सांगायचं म्हणजे कमालच. तुमच्या शेजारची बिऱ्हाडं वर्षभर रजा साठवून कशासाठी ठेवायची? रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी सुरू होतं आणि गणपतीच्या गाड्या बघता बघता फुल्ल होतात, त्या कुणासाठी? २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग, दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या २००१ पेक्षा कमी भरली. रत्नागिरीत १००० पुरुषांमागे ११२२ बायका होत्या. बाप्ये मुंबईला. तुमचा हा पोरगा मागे राहिलेल्यांतला. त्याच्या वर्गातली पोरं विरार-नालासोपाऱ्याला, कुणाचा भाऊ सुरतेला. ती सगळी एकत्र गावात दिसतात ती गणपतीत, नाहीतर शिमग्याला. म्हणजे त्याचे जे खरे दोस्त, त्याच्या वयाचे, त्याला शिव्या देऊ शकणारे, त्यांच्या वाट्याचे वर्षातले पाच दिवस होते ते. त्यातले चार तुम्ही घेतलेत.

आणि जाखडीचं तर तुम्ही 'म्हणे' लावून सोडून दिलंत. पायात चाळ बांधलेली पोरं गोल फिरतात, मधे मृदंगवाला बसतो आणि सगळ्यांचे पाय त्याच्या हातावर असतात. त्यासाठी आधी रात्र रात्र तालमी होतात. ऐन वेळी दुसऱ्याला बसवलं तर पथकात काय बोलणी झाली असतील? त्याच्या आईला वाडीत काय ऐकावं लागलं असेल? हे तुम्ही त्याला एकदा तरी विचारलंत? पत्रावरून तरी वाटत नाही.

तो दिवस तुम्हाला जड गेला असणार, हे मला कळतं. अर्धा स्टाफ सुट्टीवर, मेसमध्ये ताटात एक मोदक, मुलाने व्हॉट्सअॅपवर पाठवलेला घरच्या मूर्तीचा फोटो. बायको असती तर तुमच्या घरी त्या वेळी आरतीचं तबक शोधायची धांदल चालली असती. अशा वेळी कुणाला तरी फोन करावासा वाटणारच, त्यात काही वावगं नाही. फक्त मला एवढं सांगा, तो फोन तुम्ही मुलाला का नाही केलात? पुणं काही लंडन नव्हे. तुम्ही 'करमत नाही रे' म्हणाला असतात आणि तो 'बघतो बाबा' म्हणाला असता, म्हणून ना? मग ज्याला 'बघतो' म्हणायची सोय नाही, त्याला केलात.

सोय नाही, कारण तो तिथे पगारावर आहे. तुम्ही वसाहतीचे पैसे भरणारे. तुमच्या एका तक्रारीवर त्याची नोकरी जाऊ शकते. तुम्ही तशी तक्रार जन्मात करणार नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्याने ते गृहीत कसं धरावं? शिवाय तुम्ही त्याचे गुरुजी. काळ-काम-वेगाची गणितं तुमच्याकडून शिकायची आणि तुम्ही हाक मारल्यावर जायचं नाही, असं आपल्याकडे कुठल्या पोराला जमतं? मुलगा म्हणतो तसं पैशांचं काही नसेल. पण त्याला तुमच्याविषयी माया आहे म्हणून तो आला, की नाही म्हणवेना म्हणून आला, हे आज तुम्हाला सांगता येणार नाही. बहुतेक त्यालाही नाही. 'वर बघा आजोबा, पंख्याकडे' म्हणत जो अंगठ्याने हलकेच खालची पापणी ओढतो, तो प्रेमळ असणारच. प्रेमळ माणसाला तर नाही म्हणणं आणखी अवघड जातं.

मॅनेजरचं थोडक्यात. त्याने इमारत बदलली हे मलाही आवडलं नाही. पण घड्याळ परत आणलं ते बरोबर केलं. अशा ठिकाणी उद्या कुणाची अंगठी सापडेनाशी झाली तर पहिली पिशवी कुणाची उघडतात, ते तुम्ही बँकेत असताना पाहिलं असेल. भेटवस्तू नकोतच. भरतीचं पुस्तक द्यायचं असेल तर ऑफिसात नोंद करून द्या. आणि मुलाला पटवायच्या भानगडीत पडू नका, त्याला हवं तर पासबुक दाखवा आणि विषय बंद करा.

आता करायचं ते सांगते. महिन्याभरात शिमगा येईल. गावदेवीची पालखी घरोघरी फिरेल, त्याच्याही दारात येईल. या आठवड्यात त्याला गाठा आणि स्वतःच्या तोंडानं सांगा: "पालखी तुझ्या घरी येऊन जाईपर्यंत तू इकडे फिरकायचं नाहीस, आणि मी फोन करणार नाही." गणपतीत चुकलं, हेही सांगा, लांबण न लावता. मग खरंच फोन करू नका. 'पोचलास का?' हा मेसेजसुद्धा नको, कारण त्याला उत्तर द्यावं लागतं. करमलं नाही तर पुण्याला फोन लावा आणि 'बघतो बाबा' ऐकून घ्या. कदाचित तो येईलही. त्याला तसं कधी विचारलंयत का, तेही पत्रात नाही.

आणि तुमच्या मजल्यावर आता जी "नवीन बाई" येते असं तुम्ही लिहिलंय, तिचं नाव विचारा. तीही कुठल्यातरी वाडीतून येत असेल, तिच्याही घरी पालखी येणार असेल.

शिमग्याला त्याच्या गावी जायची इच्छा तुम्ही पत्राच्या शेवटी व्यक्त केली आहे. स्वतःहून विषय काढू नका. त्याने बोलावलं तरच जा, दुपारी जा, संध्याकाळी परत या. रिक्षा तुमची तुम्ही ठरवा, त्याला न्यायला-सोडायला लावू नका. आणि तिथे थेंब घालायची वेळ झाली तर बाटली त्याच्या हातात देऊ नका. आरशात बघून घालता येतात, डॉक्टरांनी शिकवलं असेलच.

— तुमची ताई