कमी उत्पन्न असलेल्यांनी थोडा तरी इन्कम टॅक्स भरायला हवा का?

नाही. आणि तुम्ही प्रश्नाखाली जे लिहिलंय, की ‘वर्षाला हजार-दोन हजार भरले तरी चालतील, पण देशासाठी काही दिल्याची जाणीव राहील’, ते वाचून मशीन बंद करून लिहायला बसले आहे. ही जाणीव मला कशी झाली ते आधी सांगते.

मी बडोद्याला दांडिया बाजारात राहते, पंचवीस वर्षं शिवणकाम करते. ब्लाउज, फॉल-पिको वर्षभर असतंच, पण घराला खरा आधार उन्हाळ्यातल्या शाळेच्या युनिफॉर्मचा. २०१४ च्या एप्रिलमध्ये एका मोठ्या व्यापाऱ्याकडून ४०० फ्रॉकची ऑर्डर मिळाली. निळ्या चेक्सचा बिनबाह्यांचा फ्रॉक, पुढे दोन बॉक्स प्लीट, मागे चेन, कमरेला पट्टा. कापड आणि चेन त्यांची, दोरा आणि मेहनत माझी, नगाला ९५ रुपये. मी आणि जाऊबाई, दोघींनी मिळून जून उजाडायच्या आत ४०० नग पोचवले. भर मे महिन्यात पंखा बंद ठेवून इस्त्री केली आहे, कारण वाऱ्याने प्लीट हलते.

बिल झालं ३८,००० चं. हातात चेक आला ३०,४०० चा.

त्यांचे मेहताजी, म्हणजे हिशेबनीस, म्हणाले, ‘बेन, टीडीएस कापला.’ टीडीएस म्हणजे पैसे हातात येण्याआधीच कापून सरकारात भरलेला इन्कम टॅक्स. तेव्हा मला नियम माहीत नव्हता. एका बिलाची मजुरी ३०,००० च्या वर गेली की माझ्यासारख्या एकट्या कारागिराचा १ टक्का कापतात, आणि पॅन दिला नसेल तर २० टक्के. पॅन मी दिला होता हो! ऑर्डर घेतली त्याच दिवशी झेरॉक्स दिली होती, ती त्यांच्या टेबलावरून कुठे गेली देव जाणे. ३८० रुपये जायचे तिथे ७,६०० गेले.

घरी येऊन मी भागाकार केला. ७,६०० भागिले ९५. बरोबर ८० आले. चारशेपैकी ऐंशी फ्रॉक मी फुकट शिवले होते. १६० प्लीट, ८० चेन, ८० पट्टे. तो कागद अजून मशीनच्या खणात आहे.

त्याच वर्षीच्या भाऊबिजेला दादा आला. दादा मोठ्या कंपनीत चांगल्या हुद्द्यावर आहे, माझा सख्खा भाऊ आहे, अडीअडचणीला धावूनही येतो. पण जेवताना पेट्रोलवरून विषय निघाला आणि म्हणाला, ‘तू कुठे टॅक्स भरतेस? आमच्या पगारातून कापतात त्यावर रस्ते होतात.’ माझे ७,६०० तेव्हा अडकलेले होते. ओवाळणीचं ताट अजून पाटाशेजारी होतं, सणाच्या दिवशी कुठे बोलायचं, म्हणून गप्प बसले. अकरा वर्षं झाली, ते वाक्य गेलेलं नाही.

पुढच्या वर्षी रिटर्न भरायला सीएकडे गेले. तिथल्या मुलाने २६एएस, म्हणजे कोणाच्या नावावर किती टॅक्स जमा झाला त्याचा सरकारी उतारा, उघडून दाखवलं, माझ्या नावापुढे काहीच नाही. पैसे सरकारात जमा होते, पण कोणाचे ते लिहिलेलंच नव्हतं. व्यापाऱ्याने माझा पॅन घालून त्यांचं विवरण दुरुस्त केल्याशिवाय रिफंड मिळणार नव्हता. चार खेपा घातल्या. प्रत्येक वेळी ‘काले आवजो’, उद्या या. शेवटी जाऊबाई आणि मी दोघी जाऊन दुकानात बसलो, तेव्हा झालं. पैसे २०१६ च्या फेब्रुवारीत खात्यात आले. सीएचे ५००, रिक्षा आणि बुडालेले दिवस माझे. माझं वर्षाचं उत्पन्न सव्वा लाखाच्या आत होतं आणि तेव्हाची मर्यादा अडीच लाखांची. म्हणजे मी सरकारला एक रुपयाही देणं लागत नव्हते.

आता तुमच्या ‘हजार-दोन हजार’कडे येते. गरिबाकडून टॅक्स घेणं म्हणजे नुसते ते हजार रुपये नसतात. रिटर्न, सीएची फी, चुकलेलं अक्षर, खेपा हे सगळं त्याच्याबरोबर येतं. मोठ्या पगारवाल्याला फॉर्म १६, म्हणजे पगार आणि कापलेल्या टॅक्सचा दाखला, ऑफिसात तयार मिळतो. कारागिराला कोण देतं? इंग्रजांनी १८६० साली आयकर आणला, त्यांनीसुद्धा वर्षाला २०० रुपयांच्या आतल्याला सोडलं होतं.

आणि ‘काही दिल्याची जाणीव’ म्हणाल तर ती रोज होते. अंगाचा साबण, टूथपेस्ट, डोक्याचं तेल यांवर २०२५ च्या सप्टेंबरपर्यंत १८ टक्के जीएसटी होता, २२ तारखेपासून ५ झाला. २०१८ मध्ये कापडाच्या कडा शिवणारं ओव्हरलॉकचं मशीन घेतलं, किंमत १८,०००, वर १२ टक्क्यांनी २,१६० रुपये. जीएसटीत नोंदणी असलेला व्यापारी धंद्यासाठी मशीन घेतो तेव्हा तो कर त्याच्या पुढच्या करातून वजा होतो. माझी नोंदणी नाही, माझ्याइतक्या उलाढालीला लागतही नाही, म्हणून माझे २,१६० गेले ते गेले. लाइट बिलात ड्युटी असते, घराचा वेरा, म्हणजे घरपट्टी, असते. दादा ज्या रस्त्याने येतो त्यात माझेही पैसे आहेत.

माझी आजी बडोद्याच्या शाळेत चौथीपर्यंत शिकली. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, म्हणून शिकली. शाळेत घेताना तुझा बाप किती कर भरतो असं तिला कोणी विचारलं नव्हतं.

हं, एक मात्र आहे. टॅक्स शून्य असला तरी रिटर्न भरा, हे मी शेजारच्या बायकांनाही सांगते. त्या ओव्हरलॉकच्या कर्जाला बँकेने दोन वर्षांची रिटर्नं मागितली, माझ्याकडे होती म्हणून काम झालं. आणि पॅनची झेरॉक्स देताना दुसऱ्या प्रतीवर तारीख घालून पोच घ्या. शिवाय २०२५ च्या बजेटनंतर नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंत टॅक्स शून्य झालाय, तो रिबेटमुळे, म्हणजे हिशेबाने निघालेला टॅक्स माफ होतो म्हणून. शेअर विकून झालेल्या नफ्याला तो रिबेट लागत नाही, तेवढं बघून घ्या. आणि १२ लाखवाल्याला मी कमी उत्पन्नाचा म्हणणार नाही, त्याच्याकडून थोडं घेतलं असतं तरी माझी तक्रार नव्हती.

कमी पगारवाल्याच्या पगारातून थेट काहीच जात नाही, असंही समजू नका. माझा मुलगा एका दुकानात १४,००० वर लागलाय. गुजरातमध्ये पगार १२,००० च्या वर गेला की प्रोफेशनल टॅक्स, म्हणजे नोकरी-धंद्यावरचा राज्याचा कर, महिन्याला २००, मग पगार १४,००० असो की दोन लाख, कारण घटनेनेच या कराला वर्षाला २,५०० ची मर्यादा घातली आहे. दादाच्या पगाराच्या स्लिपवरही तेच २०० आहेत. या भाऊबिजेला दोन्ही स्लिपा शेजारी ठेवून त्याला दाखवणार आहे, आणि मशीनच्या खणातला तो भागाकाराचा कागदही.