आधी चिठ्ठी, मग शिंपला

प्रिय मित्रा,

तुझं पत्र आणि फोटो मिळाले. मामांनी चाळीस वर्षं जमवलेले गोड्या पाण्यातले शंख-शिंपले आता तुझ्याकडे आलेत. ‘दुर्मीळ तेवढे वेगळे काढतो, बाकीचे धुऊन जातवार लावतो,’ असं तू लिहिलंस, म्हणून घाईने लिहितोय. अजून काही धुऊ नकोस, आणि जागचं हलवूही नकोस.

चौथ्या फोटोत कोपऱ्यात एक खोका दिसतो. अकरा शिंपले, सगळे एकाच जातीचे, मळकट तपकिरी, दोन काठाला फुटलेले. वर तू ‘डुप्लिकेट, देऊन टाकायचे’ असा कागद चिकटवलायस. फोटो मोठा करून पाहिला तर तळाशी मामांची चिठ्ठी आहे: नदीचं नाव, पुलापासून वर दोनशे पावलं, गुडघाभर पाणी, वाळूत रुतलेले, तारीख. तुझ्या त्या चकचकीत एकट्या शिंपल्याजवळ यातलं काहीच नाही. तो खुशाल कपाटावर मांड, शोभेल. अभ्यासकाला हवेत ते हे अकरा.

गोड्या पाण्यातला शिंपला नदी बघून अंग धरतो. ऑर्टमन या अभ्यासकाने १९२० मध्ये दाखवलं की काही जातींचे शिंपले वरच्या लहान ओढ्यांत चपटे असतात आणि खाली मोठ्या नदीत तीच जात फुगीर होते. एकच नमुना हातात असला की हे कळत नाही आणि प्रत्येक आकाराला नवं नाव दिलं जातं. आयझॅक ली हा फिलाडेल्फियाचा प्रकाशक. पोटापाण्याचा धंदा पुस्तकांचा, वेड शिंपल्यांचं. त्याने ठेवलेल्या शेकडो नावांपैकी बरीच पुढे त्याच त्याच जातींची निघाली. (हसू नकोस. त्याचा संग्रह अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयात जपला गेला, म्हणून तर त्याच्या चुका आज तपासता येतात.) एका दिवशी एका जागी उचललेले लहानमोठे अकरा शिंपले एका जातीत किती फरक पडतो ते समोर मांडतात. ‘जातवार’ लावताना ते दुसऱ्या नदीच्या शिंपल्यांत मिसळलेस की कुणाच्या बापाला वेगळे करता यायचे नाहीत.

शिवाय ती जागा आज तशी असेलच असं नाही. अमेरिकेत अलाबामातल्या कूसा नदीवर धरणं बांधली, खळाळ पाण्याखाली गेले आणि जायरोटोमा ही शंखांची अख्खी प्रजाती, तिच्यातल्या सगळ्या जातींसकट, संपली. २०२३ मध्ये अमेरिकेने शिंपल्यांच्या ८ जाती संकटग्रस्तांच्या यादीतून काढल्या, नामशेष झाल्या म्हणून. त्या आता फक्त संग्रहालयाच्या ड्रॉवरमध्ये बघायच्या.

कवचालाही सांगण्यासारखं बरंच असतं. थंडीत वाढ मंदावते, त्याची रेघ उमटते. युरोपातला मोत्याचा शिंपला शंभराहून जास्त वर्षं जगतो, म्हणजे तेवढ्या हिवाळ्यांची वहीच. थराथरातल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून (म्हणजे हलक्या-जड अणूंच्या प्रमाणावरून) तेव्हाच्या पाण्याचा अंदाज बांधता येतो. म्हणून तेल, व्हॅसलीन, व्हार्निश काही लावायचं नाही. चमक येते, पण पुढच्या रासायनिक तपासणीत घोळ होतो. शंखाच्या तोंडाचं झाकण कापसाला चिकटवलेलं दिसलं तर कचरा समजून टाकू नकोस. जात ओळखायला ते लागतं.

आता माझी एक चूक सांगतो. तुझ्याच वयाचा असताना मला एक जुना संग्रह नीट करायला मिळाला होता. चिठ्ठ्या कळकट, अक्षर किडामुंगीचं. मी रात्री जागून सगळ्या सुबक अक्षरात उतरवल्या आणि जुन्या फेकून दिल्या. वर्षभराने कळलं, एका नदीचं नाव मी चुकीचं वाचलं होतं. साठेक खोक्यांवर तेच नाव, आणि पडताळायला मूळ चिठ्ठी एकही नाही. त्यामुळे मूळ चिठ्ठी शिंपल्याजवळच राहू दे. वहीत तिची नक्कल अशुद्धासकट जशीच्या तशी कर आणि तुझा अर्थ शेजारच्या रकान्यात लिही. ‘५/६’ म्हणजे मे की जून हे ठरवता येत नसेल तर ठरवू नकोस. ह्यू कमिंग या शंख-शिंपले जमवणाऱ्याचा प्रचंड संग्रह १८६६ मध्ये ब्रिटिश म्युझियमने विकत घेतला. तिथे उघड्या चौकातून ट्रे नेताना वाऱ्याने चिठ्ठ्या उडाल्या, असं सांगतात. खरं-खोटं असो, मी मात्र आजही खिडकी लावून काम करतो.

ड्रॉवर उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबूस वास आला किंवा कवचावर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी नव्हे. लाकडातून, पुठ्ठ्यातून निघणारी आम्लाची वाफ कवचातल्या चुनखडीला खाते. बाइनचा रोग म्हणतात त्याला. जुन्या लोकांना तो जंतूंचा वाटायचा. असे नमुने त्यांच्या चिठ्ठीसकट लाकडी कपाटाबाहेर काढ, कोरडे ठेव. हलवायची परवानगी तेवढ्यांनाच, आणि तीही आधी फोटो काढून.

एक मात्र मनात पक्कं ठेव: मामांना अमुक ओढ्यात एखादी जात मिळाली नाही, याचा अर्थ ती तिथे नव्हती असा होत नाही. गोळा करणारी माणसं जिथे गाडी थांबते तिथेच उतरतात. त्यामुळे पुलाजवळचे नमुने भरपूर, आडबाजूचे थोडे. तांदळाएवढे शंख तर बहुतेकांच्या नजरेतून सुटतातच.

नावांची काळजी शेवटी. मोलुस्काबेस या शंख-शिंपल्यांच्या ऑनलाइन यादीत आजची नावं सापडतील. संग्रहालयाला द्यायचं ठरलंच तर एकगठ्ठा दे, आणि मामांच्या वह्या, पत्रं, नकाशे सोबत जाऊ देत. नुसत्या शिंपल्यांसाठी घाई करणाऱ्याला देऊ नकोस.

तूर्तास एवढंच कर. त्या अकरांच्या खोक्यातली चिठ्ठी हळूच उलटी कर. मामांना मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहायची सवय होती. काय लिहिलंय ते कळव.

तुझा,
सर