छोट्या दवाखान्यात फॅमिली डॉक्टर घडू शकतो का?

प्रश्न : दिघ्याला गेली 22 वर्षे माझा दवाखाना आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कामगार आणि डोंगरउतारावरच्या वस्तीतली कुटुंबे हे माझे रुग्ण. इंटर्नशिप संपवून नुकतीच नोंदणी झालेली एक तरुण डॉक्टर माझ्याकडे काम शिकू इच्छिते. रक्तदाबाचे यंत्र, ग्लुकोमीटर, नेब्युलायझर आणि वजनकाटा यांपलीकडे माझ्याकडे फारसे काही नाही. अशा ठिकाणी मी तिला काय शिकवणार?
— एक डॉक्टर वाचक, दिघा, नवी मुंबई

उत्तर : डॉक्टरसाहेब, तुमच्याकडे काय नाही हे तुम्ही सविस्तर लिहिलेत आणि जे आहे ते एका आकड्यात उरकलेत. 22 वर्षे त्याच घरांतली माणसे तुमच्याकडे येत आहेत. मोठ्या रुग्णालयात शिकणाऱ्याला रुग्ण दिसतो तो बहुधा दाखल झाल्यावर, आजार पुरता उघड झाल्यावर. डिस्चार्ज कार्ड लिहिले की त्या माणसाचे पुढे काय झाले हे त्याला सहसा कळत नाही. वॉर्डातला अनुभव हवाच, कारण गंभीर रुग्ण ओळखण्याची नजर तिथेच तयार होते. पण पहिल्या दिवसाचा ताप हा डेंग्यूचा, मलेरियाचा की साधा हे कळत नसताना कोणाला घरी पाठवायचे, कोणती लक्षणे दिसताच परत यायला सांगायचे आणि कोणाला लगेच कळव्याच्या रुग्णालयात धाडायचे, हा निर्णय तुमच्या खुर्चीवर बसूनच शिकता येतो.

खोकला झालेल्या एखाद्या बाळापासून सुरुवात करा. बाळाला आईच्या मांडीवर शांत बसू द्या, अंगावरचे कपडे वर करा आणि तुम्ही दोघांनी घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट, एकमेकांना न सांगता, श्वास मोजा. 15 सेकंद मोजून चारने गुणण्याची सवय तिला लागू देऊ नका आणि रडणाऱ्या मुलाचे श्वास मोजूच नका. 2 महिन्यांपासून 1 वर्षापर्यंतच्या बाळात 50 किंवा त्याहून अधिक, तर 1 ते 5 वर्षांच्या मुलात 40 किंवा त्याहून अधिक श्वास म्हणजे वाढलेली गती, आणि मग न्यूमोनियाचा विचार करायलाच हवा. छाती आत ओढली जाते का, बाळ अंगावर पिते का, हे तिने स्वतः पाहून तुम्हाला सांगावे. दोघांचे आकडे वेगळे आले, तर तिथेच पुन्हा मोजा.

संध्याकाळच्या गर्दीत मात्र हे जमणार नाही. आठवड्यातल्या दोन सकाळी राखून ठेवा. चार-पाच रुग्ण आधी तिने तपासावेत आणि त्यांतला प्रत्येक रुग्ण, त्याची परवानगी घेऊन, नंतर तुम्हीही पाहावा. तिला एक वही घालून द्या : काय वाटले, काय दिले, कधी बोलावले, रुग्ण आला का आणि शेवटी काय निघाले. हा शेवटचा रकाना रिकामा राहिला तर फोन करून तो भरायला लावा. आपला अंदाज कुठे चुकला, हे त्या रकान्याइतके स्पष्ट दुसरे कोणी सांगत नाही.

एक गोष्ट आपुलकीने लिहितो. ती तुमचे बोलणे ऐकेल, पण उचलेल ती तुमची सवय. ‘सुई मारा, सलाइन लावा’ असा आग्रह धरणाऱ्या रुग्णाला तुम्ही काय उत्तर देता, साध्या सर्दीला अँटिबायोटिक लिहिता का, दोन आठवड्यांहून जास्त खोकला असणाऱ्याची थुंकी तपासायला पाठवता का, हे ती रोज पाहील. म्हणून ती येण्यापूर्वी स्वतःचेच गेल्या महिन्यातले 50 केसपेपर चाळा. मी ते केले तेव्हा मला वाईट वाटले होते, आणि बरेच बदलावेही लागले.

तिला मानधन द्या. शिकते आहे म्हणून फुकट राबवणे गैर आहे. मात्र तुमच्याकडे बसून मान्यताप्राप्त पदवी मिळणार नाही, हेही पहिल्याच दिवशी सांगा. त्यासाठी नीट-पीजी ही प्रवेश परीक्षा देऊन फॅमिली मेडिसिनमधील डीएनबी किंवा एमडी हा तीन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम करावा लागतो.

प्रश्न : माझी मुलगी एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहे. कॉलेज त्यांना गावातल्या कुटुंबांच्या भेटीला नेते. यात अभ्यासाचा वेळ वाया जात नाही का?
— एक पालक, ठाणे

उत्तर : नाही. हा अभ्यासक्रमाचाच भाग आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने कुटुंब दत्तक उपक्रम 2022 मध्ये सुरू केला. वैद्यकीय शिक्षण रुग्णालयाबाहेर न्यावे, असे देशातल्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीने 1946 च्या अहवालातच सुचवले होते. भेटी नुसत्या हजेरीपुरत्या उरकल्या, तर मात्र तुमची शंका खरी ठरेल. तिला एवढेच विचारत राहा : त्या घरातल्या आजींचा रक्तदाब मागच्या भेटीत किती होता, या वेळी किती आहे आणि गोळ्या संपल्यावर त्या कुठून आणतात?