पिपचं अपील: दुखण्याबद्दल रिपोर्टात भलतंच लिहिलंय?

ताई, पिप (आजारपण-अपंगत्वासाठीचा सरकारी भत्ता) नाकारला आणि रिपोर्टात तुमचं दुखणं चुकीचं लिहिलं म्हणून खचू नका, इकडे यूकेत असे नकार ट्रिब्युनलमध्ये (अपील ऐकणाऱ्या न्यायाधिकरणात) बऱ्याचदा फिरतात. आधी डीडब्ल्यूपीला (भत्ता देणाऱ्या सरकारी खात्याला) फोन करून असेसमेंटचा, म्हणजे पिपसाठी झालेल्या तपासणीचा, रिपोर्ट मागवा, तो न वाचताच लोक "मला फार दुखतं हो" एवढंच लिहून पाठवतात. किती दुखतं यापेक्षा दुखण्यामुळे काय जमत नाही ते लिहा. सुरक्षित, नीट, पुन्हापुन्हा आणि वाजवी वेळेत करता आलं तरच ते "जमतं" धरायचं, नियमच आहे, म्हणजे २०० मीटर एकदा चाललात पण नंतर दिवसभर आडवं पडावं लागलं तर ते चालणं मोजायचं नाही.

- "त्रास होताना दिसला नाही" असं लिहिलं असेल तर गोळी कधी घेतली होती, नंतर काय झालं ते सांगा. (आपण "बरंय" म्हणतो सवयीने, तेही रिपोर्टात जातं!)
- असेसरवर (तपासणी करणाऱ्यावर) राग काढू नका, त्यांचं वाक्य आणि त्यासमोर तुमचा पुरावा, बस्स.
- मॅंडेटरी रिकन्सिडरेशनला (अपिलाआधी डीडब्ल्यूपीकडेच मागायचा फेरविचार) निर्णयापासून एक महिना, तारीख आजच बघा.