इंटर्नशिपमधून नोकरी: निर्णय नेमका कधी होतो?

प्रश्न: मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. गुण साधारण आहेत. भरपूर ठिकाणी अर्ज केले, पण बहुतेकांचं उत्तरच आलं नाही. आता एका मोठ्या कंपनीत दहा आठवड्यांची इंटर्नशिप मिळाली आहे. शेवटच्या दिवशीच्या प्रेझेंटेशनवर नोकरी ठरते, असं सीनियर सांगतात. तयारी कशी करू?
– एक विद्यार्थिनी

उत्तर: प्रेझेंटेशन नीट करच, पण सगळी भिस्त त्यावर ठेवू नकोस. मोठ्या कंपन्यांत ऑफर द्यायची की नाही, हे बऱ्याचदा त्याआधीच ठरत आलेलं असतं. इंटर्नशिप संपायला दोन-तीन आठवडे असताना मॅनेजर मूल्यमापनाचा फॉर्म भरतो. मग निरनिराळ्या टीमचे मॅनेजर आणि एचआर एकत्र बसून सगळ्या इंटर्नची तुलना करतात. तिथे तुझ्या मॅनेजरशिवाय कुणी तुझं नावही ऐकलेलं नसेल, तर चांगलं कामही मागे पडतं. त्यामुळे तुझं काम ज्यांच्या उपयोगाचं आहे अशा दोघा-तिघांना ते अधूनमधून दाखवत जा.

पहिल्याच आठवड्यात तीन गोष्टी विचारून घे: शेवटी माझ्याकडून नेमकं काय हवंय, ते कोण वापरणार, आणि चांगलं झालं हे कशावरून ठरवणार? इंटर्नचे प्रोजेक्ट रखडतात ते बहुतेक वेळा दोन कारणांनी. एक तर डेटा किंवा सिस्टीमचा ॲक्सेस मिळण्यातच दोन आठवडे जातात. दुसरं म्हणजे कामाचा आवाका दहा आठवड्यांत न मावणारा असतो. म्हणून ॲक्सेसची मागणी पहिल्या दिवशीच लेखी कर. आणि सहाव्या आठवड्याअखेर चालेल अशी लहानशी आवृत्ती मॅनेजरशी बोलून ठरवून घे. अर्धवट राहिलेल्या मोठ्या कामापेक्षा पूर्ण झालेलं छोटं काम मॅनेजरला इंटर्नच्या तुलनेच्या बैठकीत मांडता येतं.

आता सगळ्यांत महत्त्वाचं: अडल्यावर काय करायचं? नवखी मुलं इथेच मार खातात. "मूर्ख ठरेन" या भीतीनं दोन-दोन दिवस गप्प बसतात. अर्धा-पाऊण तास स्वतः प्रयत्न कर, मग विचार. पण "हे चालत नाहीये" एवढंच नको. "मला अमुक करायचंय, हे दोन मार्ग करून पाहिले, इथे ही एरर येते, आता तिसरा मार्ग घेऊ का?" असं विचार. समोरच्याला दोन मिनिटांत उत्तर देता आलं पाहिजे.

दर शुक्रवारी मॅनेजरला तीन ओळींचा ईमेल पाठव. उदाहरणार्थ:
"झालं: मार्चपर्यंतच्या तक्रारींचं वर्गीकरण.
अडलं: एप्रिलची फाइल आलेली नाही, मंगळवारी मागितली आहे.
पुढे: बुधवारपर्यंत पहिला तक्ता."
फॉर्म भरताना मॅनेजरला दहा आठवडे आठवत नसतात. असे ईमेल हाताशी असले की त्याचं काम सोपं होतं.

पाचव्या आठवड्यात मध्यावधी आढावा असतो. कुणी ठेवलाच नाही, तर वीस मिनिटं तूच मागून घे. "माझं काम कसं वाटतंय?" या प्रश्नाला "छान" एवढंच उत्तर मिळतं. त्याऐवजी विचार, "आज निर्णय घ्यायचा असता तर माझ्याबद्दल कुठे शंका वाटली असती?" मिळालेलं उत्तर लिहून ठेव, आणि त्यावर काय केलंस ते दोन आठवड्यांनी दाखव. त्याच वेळी यंदा या टीममध्ये जागा आहे का, हेही सरळ विचार. यात संकोच कसला? जागाच नसेल तर उत्तम कामालाही ऑफर येत नाही. अशा वेळी दुसऱ्या टीमशी ओळख करून मागायला पाच आठवडे हातात राहतात.

एक धोका: कंपनीचा डेटा किंवा कोड बाहेरच्या एआय टूलमध्ये परवानगीशिवाय टाकू नकोस. एवढ्यावरूनही इंटर्नशिप संपू शकते.

अर्जांबद्दल थोडक्यात. जाहिरात आल्यावर पहिल्या काही दिवसांतच अर्ज कर. अनेक कंपन्या शेवटच्या तारखेची वाट न पाहता आलेले अर्ज तपासत जातात. रेझ्युमे एकाच रकान्यात ठेव. चौकटी आणि चित्रांतला मजकूर अर्ज चाळणाऱ्या सॉफ्टवेअरला अनेकदा नीट वाचता येत नाही. गुणांची अट काही ठिकाणी सैल होतेय, पण त्या जागी चाचण्या आणि ठरावीक प्रश्नांच्या मुलाखती आल्या आहेत. मानसशास्त्रज्ञ पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांच्या 2022 च्या अभ्यासात, उमेदवार पुढे काम कसं करेल याचा अंदाज देणाऱ्या पद्धतींत अशी मुलाखत सर्वांत वर आली. तिच्यासाठी स्वतःच्या अनुभवातले पाच-सहा प्रसंग तयार ठेव. दोन मिनिटांच्या उत्तरात पार्श्वभूमीला वीस सेकंद पुरेत. मिनिटभर तरी "मी काय केलं" यावर बोल. गटाच्या कामाबद्दल सांगताना सगळं "आम्ही"मध्ये विरघळतं आणि मुलाखतकाराला गुण द्यायला काहीच उरत नाही.

ऑफर तोंडी मिळाली तर पद, पगार, रुजू होण्याची तारीख आणि उत्तर द्यायची मुदत ईमेलवर मागून घे. लेखी येईपर्यंत बाकीचे अर्ज मागे घेऊ नकोस.